उत्तर बरोबर, पूल पाण्यात



संयोजकांनी पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे तो असा: ‘अभियांत्रिकीचे विद्यार्थी, चिकित्सक विचार आणि विज्ञानातील प्रश्न सोडवण्याची रीत’. एवढं लांब शीर्षक वाचूनही आपण आलात, याबद्दल आधी आभार.

‘चिकित्सक’ हा शब्द आपल्याकडे तसा बदनाम आहे. ‘मुलगा चांगला आहे हो, पण फार चिकित्सक आहे’ असं म्हणतात तेव्हा ती स्तुती नसते. दहा साड्या उलगडायला लावून एकही न घेणारं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर येतं. आम्ही आज तो शब्द वेगळ्या अर्थाने वापरणार आहोत. समोर जे ‘दिलेलं’ म्हणून ठेवलं आहे, ते कशावर उभं आहे हे तपासून बघणं, म्हणजे चिकित्सा. आणि जे सांगायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. अभियांत्रिकीच्या शिक्षणाने गेल्या दोनशे वर्षांत गणित सोडवायला उत्तम शिकवलं. पण गणितात जे ‘दिलेलं’ असतं त्याच्यावर संशय घ्यायला शिकवणं मात्र हळूहळू वर्गाच्या बाहेर गेलं. हे कोणा एकाच्या खोडसाळपणामुळे झालेलं नाही. त्याला इतिहास आहे, तो बघू.

सुरुवात एका पुलापासून करू. कॅनडात क्यूबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधायचा होता. सल्लागार नेमले गेले थिओडोर कूपर, न्यूयॉर्कचे, अमेरिकेतल्या त्या काळच्या सर्वांत मानलेल्या पूल-अभियंत्यांपैकी एक. रेन्सलियर या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेतून ते १८५८ साली पदवीधर झालेले. म्हणजे शिक्षणात काही कमी होतं असं कोणी म्हणू नये. पुलाचा मधला गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता. नदीतल्या खांबांची जागा बदलावी म्हणून १९०० साली कूपरसाहेबांनी तो १८०० फुटांचा केला. त्या वेळी या जातीच्या पुलांत स्कॉटलंडचा फोर्थ पूल सर्वांत मोठा, त्याचा गाळा १७१० फुटांचा. म्हणजे हा जगातला विक्रमी पूल होणार होता.

आता गंमत बघा. गंमत म्हणतो, पण गोष्ट गमतीची नाही. गाळा वाढला की पुलाचं स्वतःचं वजन वाढतं. अभियंते त्याला ‘डेड लोड’ म्हणतात. मोठ्या पुलाला आगगाडीच्या वजनापेक्षा स्वतःचं वजनच जास्त पेलावं लागतं. हे वजन आधी अंदाजाने धरायचं, त्यावरून प्रत्येक भागात किती ताण येईल ते काढायचं, त्यावरून भागांची जाडी ठरवायची, आणि मग पुन्हा मागे येऊन बघायचं की आता झालेलं वजन आपण धरलेल्या वजनाशी जुळतं का. हे मागे येऊन बघणं क्यूबेकला नीट झालं नाही. धरलेलं वजन कमी होतं. त्या वजनावर पुढची सगळी आकडेमोड झाली. बेरजा-वजाबाक्या चुकल्या म्हणून हा पूल पडला नाही, हे लक्षात ठेवा.

१९०३ साली सरकारी रेल्वे खात्यातल्या एका अभियंत्याने शंका काढली होती की पोलादावर धरलेले ताण फार जास्त आहेत. खात्याने स्वतःचा वेगळा तपासनीस नेमावा असंही पुढे आलं. कूपरसाहेबांना ते मानवलं नाही आणि अखेरचा शब्द त्यांचाच राहिला. १९०६ साली कारखान्यात तयार होणाऱ्या भागांचं वजन अंदाजापेक्षा जास्त भरतं आहे हे ध्यानात आलं. तोवर बरंच पोलाद कापून झालेलं, काही उभंही राहिलेलं. वाढलेला ताण सुरक्षिततेच्या मर्यादेत बसतो, असं ठरवून काम पुढे गेलं. कूपरसाहेबांची प्रकृती बरी नसे. वरचं पोलादी काम चालू असताना ते एकदाही जागेवर आले नाहीत. जागेवर त्यांचा माणूस होता नॉर्मन मॅक्लुअर, प्रिन्स्टनहून १९०४ साली पदवी घेतलेला तरुण.

१९०७च्या ऑगस्टमध्ये मॅक्लुअर आणि त्याच्या सोबतच्या निरीक्षकाला दिसलं की सांगाड्याच्या तळाकडच्या, दाब पेलणाऱ्या काही भागांना बाक येतो आहे. एका भागाचा बाक पाऊण इंचावरून थोड्याच दिवसांत सव्वादोन इंचांवर गेला. मोजला गेला तो २७ ऑगस्टला. आता आपल्यासारख्या सामान्य माणसाला वाटेल, बाक वाढतोय म्हणजे भाग दबतोय, काम थांबवा. पण तिथे वाद सुरू झाला. पोलाद पुरवणाऱ्या कंपनीचं म्हणणं, हा बाक कारखान्यातून निघतानाच होता. मॅक्लुअरचं म्हणणं, नव्हता. पत्रं गेली, तारा गेल्या. शेवटी मॅक्लुअर आगगाडीने न्यूयॉर्कला गेला आणि २९ ऑगस्टला कूपरसाहेबांना भेटला. कूपर यांना लगेच कळलं. पुलावर आणखी वजन चढवू नका अशी तार त्यांनी कंपनीच्या कचेरीला केली. जागेवर मात्र काही पोचलं नाही. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कामगारांची सुट्टी व्हायची वेळ असताना, दक्षिणेकडचा सगळा सांगाडा काही सेकंदांत खाली आला. ७५ माणसं गेली. त्यांतले बरेच मोहॉक जमातीचे, उंचावरच्या पोलादी कामात तरबेज असलेले लोक होते. त्यांच्या एका वस्तीत एका दिवसात किती घरं उघडी पडली असतील, याची कल्पना करा.

चौकशी आयोगाने १९०८ साली अहवाल दिला. त्यात मुख्य ठपका दोन गोष्टींवर आहे: स्वतःचं वजन कमी धरलं, आणि नंतर ते दुरुस्त केलं नाही. शिवाय तळाच्या भागांची रचनाच कमकुवत होती, आणि एवढ्या मोठ्या दाब पेलणाऱ्या भागांबद्दल त्या काळच्या अभियांत्रिकीला पुरेसं ज्ञान नव्हतं हेही त्यात कबूल केलेलं आहे. म्हणजे ज्ञान अपुरं होतं, आणि अपुरं आहे हे ज्यांना सर्वांत आधी जाणवायला हवं त्यांनी हा ठरलेला विषय मानला.

इथे आमचा तत्त्वज्ञानाचा धंदा मध्ये आणतो, क्षमा असावी. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यांत पहिला प्रमाण, दुसरा प्रमेय आणि तिसरा संशय. तिसरा! तर्क आणि निर्णय हे पुढे आठव्या-नवव्या जागेवर येतात. संशय म्हणजे मनाचा दुबळेपणा असं त्यांनी मानलं नाही. विचाराला सुरुवात करून देणारी ती एक पायरी आहे. भाष्यकार वात्स्यायन तर सरळ म्हणतो की जी गोष्ट मुळीच माहीत नाही तिथे न्याय चालत नाही, आणि जिचा निर्णय होऊन गेला तिथेही चालत नाही. तो चालतो संशयित गोष्टीवर. संशय कशातून निर्माण होतो याची जी कारणं सूत्रात दिली आहेत त्यांतलं एक आहे विप्रतिपत्ति, म्हणजे एकाच गोष्टीबद्दल दोन परस्परविरुद्ध विधानं समोर येणं. ‘बाक आधीपासून आहे’ आणि ‘बाक नवा आहे’ ही अगदी शाळेतल्या उदाहरणासारखी विप्रतिपत्ति आहे. नैयायिकाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आता इथे थांबा, दोन्ही पक्ष तपासा, तोवर निर्णय झाला असं धरून चालू नका. क्यूबेकला वाद चालू होता आणि पुलावर पोलाद चढतच होतं.

एक गोष्ट मात्र लगेच सांगायला हवी. संशयानंतर चौथा पदार्थ आहे प्रयोजन. कशावरही, कुठेही, केव्हाही शंका काढणाऱ्याला नैयायिक दारात उभं करणार नाहीत. हल्ली मोबाइलवर रोज नवी शंका येते, चंद्रावर माणूस गेलाच नाही वगैरे. त्याला आम्ही चिकित्सा म्हणत नाही.

तर प्रश्न असा, की शिकलेल्या, हुशार, प्रामाणिक माणसांच्या डोक्यात ‘दिलेलं’ एवढं पक्कं का बसतं? त्यासाठी शाळांकडे जायला हवं.

आधुनिक अभियांत्रिकी शिक्षणाचं मूळ घराणं पॅरिसचं. १७९४ साली राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिथे जी शाळा निघाली ती पुढे ‘एकोल पॉलिटेक्निक’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा एक शिल्पकार गास्पार मोंज हा गणिती. त्याचा विषय वर्णनात्मक भूमिती, म्हणजे त्रिमिती वस्तू कागदावर अशी उतरवायची की गवंड्याला आणि सुताराला ती बांधता यावी. पोरांनी टेबलाशी उभं राहून रेखाटायचं, प्रयोगशाळेत हात काळे करायचे, असा त्याचा बेत. पुढे पंचवीस-तीस वर्षांत वजन गणिती विश्लेषणाकडे झुकलं. थोर गणिती कोशी तिथे शिकवत असे, आणि त्याचं शिकवणं फार अमूर्त आहे अशी तक्रार त्याच काळी झाली. पण आमच्या मते जास्त परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. प्रवेश स्पर्धा-परीक्षेतून, आणि बाहेर पडताना गुणानुक्रम. कोणाला खाणी मिळणार, कोणाला पूल-रस्ते, कोणाला तोफखाना, हे क्रमांकावर. आता क्रमांक लावायचा तर प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असावं लागतं. ज्या प्रश्नाला ‘ही माहिती पुरेशी नाही’ हे योग्य उत्तर आहे, त्यावर क्रमांक कसा लावणार?

आपल्याकडे अभियांत्रिकीची शाळा आली ती कालव्यांच्या पाठोपाठ. गंगेच्या कालव्याचं काम चालू असताना १८४७ साली रुरकीला कॉलेज निघालं. १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. पुढे आपलं अभियांत्रिकी महाविद्यालय, सीओईपी, झालं ते हेच. त्याचा हेतू लपवलेला नव्हता: इमारती, धरणं, कालवे, रेल्वे, पूल अशा सार्वजनिक कामांसाठी हाताखालचे कर्मचारी तयार करणं. वरच्या जागांसाठी पुढे विलायतेत कूपर्स हिल इथे खास कॉलेज काढलं, तेही हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी. म्हणजे वाटणी सरळ होती. प्रश्न साहेबाचा, हिशोब ओव्हरसियरचा. काय बांधायचं, का बांधायचं, कुठे बांधायचं हे वर ठरणार. खाली आकडे येणार आणि ते घेऊन माती किती, चुना किती, मजूर किती, याचं उत्तर वर जाणार. या व्यवस्थेत ‘दिलेल्या’वर शंका घेणं हा नुसता बौद्धिक प्रश्न राहत नाही, तो शिस्तभंग होतो. आम्हाला वाटतं, आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गांतली एक खोड तिथली आहे. साहेब गेला, खोड राहिली.

पण त्याच पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकाने एक विद्यार्थी बाहेर पडला, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते १८८४ साली लागले. त्यांचं खडकवासल्याचं काम इथे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण त्यातली विचाराची रीत कोणी सांगत नाही. पुण्याला आणि लष्कराला पाणी कमी पडू लागलं होतं. ‘साठा वाढवा’ हा प्रश्न समोर आला की पाठ्यपुस्तकातलं उत्तर एकच: भिंत उंच करा. पण भिंत जुनी, दगडी. तिच्यावर जास्तीचं पाणी कायमचं उभं करायचं तर तिची ताकद पुन्हा तपासायला हवी, खर्चही मोठा. विश्वेश्वरय्यांनी प्रश्नच फिरवला. पाणी खरोखर कमी आहे का? पावसाळ्यात तर सांडव्यावरून भरपूर वाहून जातं. मग ‘भिंत किती वाढवावी’ याऐवजी ‘सांडव्यावरचं हे पाणी पूर संपता संपता अडवता येईल का, आणि मोठा पूर आला तर ते अडथळा न होता जाऊ देता येईल का’ असा प्रश्न झाला. त्यातून १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडत, उतरलं की मिटत. रात्री-अपरात्री धरणावर माणूस धावायला नको. पुढे ग्वाल्हेरच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर तीच पद्धत गेली.

दरवाज्यांची यंत्रणा हुशारीची आहेच. पण त्या हुशारीच्या आधी एक पाऊल आहे, ते म्हणजे दिलेला प्रश्न तसाच न घेणं. हे पाऊल कोणत्या पेपरात किती गुणांना होतं? कुठेच नव्हतं. (पानशेतचं नाव काही जणांच्या ओठावर आलेलं दिसतंय. १२ जुलै १९६१ला स्वतंत्र संध्याकाळ द्यायला हवी, आज ते घाईत उरकणार नाही.)

आता आपल्या भाषेतली एक खूण सांगतो. इंग्रजीत ज्याला प्रश्न किंवा समस्या म्हणतात त्याला मराठी विद्यार्थी काय म्हणतो? ‘फिजिक्सची गणितं’. किंवा ‘उदाहरणं’. मास्तर म्हणतात, ‘सतरावं उदाहरण सोडवा.’ न्यायशास्त्रात उदाहरण हा पंचावयव वाक्यातला तिसरा अवयव. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघरात. म्हणजे जो नियम आधीच मान्य आहे तो पटवून देण्यासाठी दिलेला दाखला. भाषेने नकळत खरं सांगून टाकलं आहे. पुस्तकाच्या धड्याखाली जी वीस गणितं असतात ती समस्या नसतात, धड्यात सांगितलेल्या नियमाचे ते वीस दाखले असतात. कोणतं सूत्र लावायचं हे धड्याचं नावच सांगतं. दिलेले सगळे आकडे वापरायचे, न दिलेला लागणारच नाही, याची हमी असते. दाखले हवेतच. तबला शिकणाऱ्याला कायदे-पलटे घोटावेच लागतात. पण आयुष्यभर कायदाच वाजवणाऱ्याला मैफलीत कोण बसवेल?

ही हमी मुलांच्या डोक्यात किती खोल जाते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग फ्रान्समध्ये ग्रनोबल इथल्या गणितशिक्षकांनी १९८०च्या सुमारास केला. लहान शाळकरी मुलांना विचारलं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांशी काही ना काही खटपट करून वय सांगितलं. बहुतेक वेळा छत्तीस. तुम्ही हसताय, पण छत्तीस हे वय कप्तानाला शोभतं, हेही मुलांनी बघितलं असेल! स्तेला बारुक या बाईंनी पुढे त्यावर पुस्तकच लिहिलं. मुलं मूर्ख नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच आणि ते दिलेल्या आकड्यांतूनच निघतं, हा नियम ती अनुभवाने शिकली होती.

ही मुलं मोठी होऊन अभियांत्रिकीला गेली की काय होतं? १९८५ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्य विद्यापीठात इब्राहिम हलून आणि डेव्हिड हेस्टिनेस यांनी पहिल्या वर्षाच्या भौतिकीच्या विद्यार्थ्यांची चाचणी प्रसिद्ध केली. तिचीच सुधारलेली आवृत्ती १९९२ साली आली. प्रश्न साधे, आकडेमोड शून्य. उदाहरणार्थ, मोठा ट्रक आणि छोटी मोटार समोरासमोर आदळली, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणणारा विद्यार्थी उत्तर देतो, ट्रक. नियम परीक्षेपुरता, आणि रस्त्यावरचा ट्रक वेगळा. हार्वर्डचे एरिक मेझर यांना वाटलं, आपल्या विद्यार्थ्यांचं असं होणार नाही. त्यांनी ही चाचणी घेतली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू की मी एरवी विचार करते तशी? आमच्या मते हा प्रश्न त्या वर्गातला सर्वांत प्रामाणिक प्रश्न होता. मेझर यांनी पुढे वीजमंडलाचे दोन प्रश्न एकाच परीक्षेत घातले, एक लांबलचक आकडेमोडीचा आणि एक नुसता ‘हे बटण दाबलं तर कोणत्या दिव्याचा उजेड वाढेल’ असा. आकडेमोडीत मुलं पुढे, दिव्यात मागे.

मग उपाय? रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजारांवर विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र केली. अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला मुलांना जितकं येत नव्हतं, त्यातला किती हिस्सा शेवटी येऊ लागला, हे त्यांनी मोजलं. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ०.२३. जिथे मुलं आपापसांत वाद घालून, अंदाज बांधून, तपासून शिकत होती तिथे ०.४८. आम्ही स्वतः इथे उभं राहून तासभर व्याख्यान देतो आहोत, तेव्हा हा आकडा जरा दबक्या आवाजात सांगितला.

वाद हा सुद्धा न्यायसूत्रांतला पदार्थ आहे बरं का, दहावा. जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, सत्य ठरवण्यासाठी केलेला तो वाद.

प्रश्न सोडवण्याच्या रीतीवरचं विसाव्या शतकातलं सर्वांत वाचलं गेलेलं पुस्तक जॉर्ज पोल्या यांचं, १९४५चं. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात पंचवीसएक वर्षं शिकवलेला हा हंगेरियन गणिती. त्याच्या चार पायऱ्या आपल्याकडे बी.एड.च्या पुस्तकांतही आहेत: प्रश्न समजून घ्या, बेत आखा, अमलात आणा, मागे वळून बघा. पण पहिल्या पायरीत तो जे विचारायला लावतो ते गाळलं जातं: दिलेली माहिती पुरेशी आहे का? जास्त आहे का? परस्परविरुद्ध आहे का? आणि चौथी पायरी तर परीक्षेत वेळच नसतो म्हणून जाते. क्यूबेकला नेमक्या याच दोन पायऱ्या राहिल्या होत्या.

आपल्याकडे आयआयटीची प्रवेश परीक्षा २००६पासून मुख्यतः पर्यायी उत्तरांची झाली. लाखो मुलांची परीक्षा घ्यायची तर दुसरं काय करणार, हे आम्हाला समजतं. पण ‘उत्तर दिलेल्या पर्यायांतच आहे’ ही हमी दोन वर्षं, काहींच्या बाबतीत आठवीपासून पाच वर्षं, रोज घोटली जाते. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. त्यात पदवीधराच्या अंगी जे गुण हवेत त्यांत गुंतागुंतीच्या समस्यांचं विश्लेषण आहे. तेव्हापासून प्रत्येक कॉलेजात प्रत्येक विषयापुढे हे गुण किती साधले त्याचे तक्ते भरले जातात. तक्ते सुबक असतात. ते भरणाऱ्या प्राध्यापकाला आकडे ‘दिलेले’ असतात.

आम्ही काही वर्षं एका कॉलेजात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला तर्कशास्त्राचे तास घेत होतो. एकदा विचारलं, ‘शंभर मुलांच्या वसतिगृहाला पाण्याची टाकी बांधायची आहे, केवढी बांधाल?’ दोन मिनिटं शांतता. मग मागून आवाज आला, ‘सर, गिव्हन काय आहे?’ आम्ही म्हटलं, ‘वसतिगृह दिलं आहे. जाऊन बघा.’ पुढच्या आठवड्यात आठ-दहा पोरं खरोखर जाऊन आली. नळाला पाणी दिवसातून किती तास येतं, मेस कुठली, कपडे कोण धुतं, उन्हाळ्यात टँकर येतो का, हे सगळं विचारून आली. एका मुलीने सांगितलं, ‘सर, टाकी मोठी आहे, गळते आहे. नवी कशाला?’ तिला त्या दिवशी किती गुण द्यायचे हे आम्हाला तक्त्यात बसवता आलं नाही, पण वर्गात टाळ्या पडल्या.

कोणी म्हणेल, क्यूबेक जुनी गोष्ट, आता संगणक आहे. अमेरिकेत हार्टफर्ड शहरातल्या मोठ्या क्रीडागृहाचं छप्पर संगणकाने आकडेमोड करून बांधलेलं होतं. उभारताना दिसलं की ते अपेक्षेच्या दुप्पट खाली झुकतंय. विचारणाऱ्यांना सांगितलं गेलं की गणितात आणि प्रत्यक्षात असा फरक असायचाच. १८ जानेवारी १९७८च्या पहाटे ते बर्फाच्या भाराखाली कोसळलं. आदल्या संध्याकाळी तिथे बास्केटबॉलचा सामना होऊन काही हजार प्रेक्षक घरी गेले होते, म्हणून कोणी मेलं नाही. क्यूबेकनंतर एकाहत्तर वर्षांनी पुन्हा तेच: डोळ्यांना वाकलेलं दिसतंय, कागद म्हणतोय ठीक आहे, आणि माणसं कागदावर विश्वास ठेवतात.

क्यूबेकचा पूल पुढे झाला. सरकारने काम हाती घेतलं, एका माणसाच्या शब्दावर न सोडता अभियंत्यांचं मंडळ नेमलं, आणि नवा सांगाडा पहिल्यापेक्षा कितीतरी भारी केला. तरी १९१६ साली मधला तुकडा वर चढवताना निसटून पाण्यात पडला आणि तेरा माणसं गेली. १९१७ साली पूल पुरा झाला, आजही उभा आहे आणि त्या जातीच्या पुलांत आजही जगात सर्वांत लांब गाळा त्याचाच. १९२५पासून कॅनडात नव्या अभियंत्यांना शपथविधीत एक लोखंडी अंगठी देतात. ती पडलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सगळे सांगतात. ती गोष्ट खरी नाही. पण अभियांत्रिकीचे विद्यार्थीच ती एकमेकांना सांगतात, आणि तपासून बघत नाहीत!

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं आहे. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी उजव्या बाजूच्या माइककडे यावं. मघाशी पानशेतबद्दल मान हलवणारे काका आधी बोलतील.